पिवळ्याची घाई नको

कनेक्शन्स या न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑनलाइन शब्दकोड्यात सोळा इंग्रजी शब्दांतून चार-चार शब्दांचे चार रंगांचे गट लावायचे असतात. त्यात आधी सोपा पिवळा गट उरकून टाकावा, असा एक सल्ला असतो. मला ते अर्धंच पटतं. पिवळ्यात बसतील असे पाच शब्द दिसले की हात आवरायचा, कारण पाचवा हमखास दुसऱ्या गटातून पेरलेला असतो. तीनच चुका माफ, चौथीला खेळ खलास.

मी उलटीकडून जातो. कुठेच न बसणारा शब्द आधी धरायचा. समजा हँड, फूट, आय दिसले, मन लगेच अवयवांकडे धावतं. पण त्यातच एक स्नो उपरा बसलाय. चौघांपुढे बॉल जोडून बघा! जांभळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड गटात अशी जोडाजोडी फार. (तरी माझा जांभळा बहुतेकदा उरलेल्या चारांतूनच सुटतो, ते सोडा.)

'वन अवे' आलं, म्हणजे तीन बरोबर आणि एक चूक, की लोक अंदाजाने एकेक शब्द बदलत बसतात. त्यापेक्षा तो गट तसाच सोडून उरलेल्या बारांत दुसरा गट शोधा. तिथे तीनच सापडले तर त्यांचा चौथा बहुधा तुमच्या त्या चारांत अडकलेला असतो. शब्दांच्या जागा बदलणारं शफलचं बटणही दाबत जा, फुकट आहे. शेजारी शेजारी मांडलेल्या शब्दांची भूल त्याने उतरते.