अनुभव धागा: अभ्यासक्रम बदलाचे प्रस्ताव, लिहिलेले, तपासलेले आणि परत आलेले

शिसपेन
विभागातलं जुनं कपाट रिकामं करायचं होतं म्हणून काल दुपारी जमिनीवर बसून फायली वेगळ्या करत होते. अगदी तळाशी माझाच पहिला प्रस्ताव सापडला. दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या पेपरचा. अठरा पानं, कडा पिवळ्या पडलेल्या, टॅगच्या टोकाला गंज. तिसऱ्या पानावर घटक ४ समोर समासात पेन्सिलीने लिहिलंय, "हे शिकवणार कोण? कधी?" इतकं फिकट की पान तिरकं धरलं तेव्हा दिसलं.

घटक ४ म्हणजे बूटस्ट्रॅप. संख्याशास्त्रज्ञ एफ्रनने १९७९ साली मांडलेली पद्धत. हाताशी असलेल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढायचे आणि अंदाज किती हलतो ते बघायचं. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरांच्या कानावर हे नावही पडलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून १५ तासिकांचा घटक घातला. काढला मात्र जेमतेम ४ तासिकांचा मजकूर. तुलनात्मक तक्त्यात (जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी शेजारी) बेरीज ६० चीच आली, कारण बाकीच्या घटकांपुढचे तासिकांचे आकडे मी कमी केले होते. मजकूर तेवढाच ठेवला होता.

प्रस्ताव एकदा परत आला. सोबतच्या पत्रात विषय संकेतांक, समास, संदर्भसूचीची मांडणी असल्या त्रुटी. पेन्सिलीबद्दल अवाक्षर नाही. मी त्या त्रुटी दुरुस्त केल्या आणि प्रस्ताव मंजूर झाला.

पहिल्या वर्षी मी घटक ४ शेवटच्या सहा दिवसांत धावतपळत संपवला. दुसऱ्या तुकडीच्या सरांनी ही पद्धत कधी शिकलेलीच नव्हती, त्यांच्याकडे तो राहिला. प्रश्नपत्रिकेत त्यावर १५ गुण. परीक्षेनंतर त्या तुकडीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या वहीत हे नाहीच आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही प्रस्ताव लिहिले असतील, तपासले असतील, त्यातून आलेलं शिकवलं किंवा शिकला असाल, तर लिहा ना. लांबलचक असलं तरी चालेल.

रिकामा_तास
वाचून गलबललं. आमचं उलट झालं होतं, आमच्या घटकाला दुसऱ्याच विभागाने कात्री लावली. गणिताच्या अभ्यास मंडळाने पहिल्या वर्षातून आयगेन व्हॅल्यू (मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्या, क्वांटमला लागतातच) काढल्या. त्यांच्या बाजूने योग्यच, त्यांना पुढे वेगळा पेपर करायचा होता. आम्हाला कळलं ते थेट वर्गात. तिसऱ्या सत्रात क्वांटमचा तास, फळ्यावर समीकरण लिहिलं आणि सगळा वर्ग कोरा. आधी मला मुलांचाच राग आला. मग एकाने नवीन पुस्तिका काढून दाखवली. दोन आठवडे गणित शिकवलं, क्वांटम मागे पडलं.

आता आम्ही प्रस्तावाआधी सगळ्या विभागांना एक पान पाठवतो: "हे हे काढतोय, यातलं तुम्हाला काही लागतं का?" पाच दिवसांची मुदत. निम्मे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्यामुळे वाचतो.

तिरकी_रेघ
आयगेन व्हॅल्यूंचं दुःख +१. आम्ही केमिस्ट्रीवाले. हुकेल पद्धत (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची) मॅट्रिक्सशिवाय शिकवायची म्हणजे पोरांना उत्तरं पाठ करायला सांगायचं. नको वाटतं.

ते एका पानाचं पत्र इथे टाकाल का?

रिकामा_तास
टाकतो. आत्ता बसमध्ये आहे, घरी गेलो की शोधतो.

पाऊणवाट
माझा अनुभव एका ओळीचा आहे. शब्दशः एका ओळीचा.

पहिल्या सत्राच्या भौतिकशास्त्रात किलोग्रॅमच्या व्याख्येत प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल लिहिलेला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होऊ लागली. पॅरिसजवळच्या तिजोरीतल्या त्या ठोकळ्याचं व्याख्येतलं काम संपलं. मला वाटलं, एक ओळ तर बदलायची आहे, अर्ज दिला की झालं.

पण किरकोळ दुरुस्ती अशी वेगळी वाटच नव्हती. एका ओळीसाठीही पूर्ण प्रस्ताव: आवश्यकतेचं टिपण, तुलनात्मक तक्ता, अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय येईल), मूल्यमापन, मग अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद. विद्या परिषदेच्या एका बैठकीत विषयपत्रिका संपली नाही, पुढच्या बैठकीत आमचा विषय घ्यायचाच राहिला. दोन शैक्षणिक वर्षं गेली. मधल्या काळात एका मुलाने पेपरात नवी व्याख्या लिहिली आणि आदर्श उत्तरात जुनीच असल्यामुळे त्याचे २ गुण गेले. पुनर्मूल्यांकनात मिळाले, पण बरोबर लिहिणाऱ्याला अर्ज करावा लागला हे मनातून जात नाही.

आता मी ओळ लिहितो ती अशी: "मापन एककांच्या प्रचलित व्याख्या". उद्या पुन्हा काही बदललं तर ओळ तशीच राहील, शिकवणं तेवढं बदलेल.

जोडाक्षर
@पाऊणवाट, अगदी हेच आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचं. उद्योगक्षेत्रातल्या सदस्यांच्या आग्रहामुळे अभ्यासक्रमात "पायथन २" असं प्रोग्रामिंग भाषेचं नाव आकड्यासकट लिहिलं. १ जानेवारी २०२० ला त्या आवृत्तीचा आधार बंद झाला आणि आमच्या पुस्तिकेत ती नंतरही होती. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, print ला कंस द्यायचा की नाही? (आवृत्ती २ मध्ये न देता चालतं, ३ मध्ये द्यावाच लागतो.) वर्गात अर्धे देणारे, अर्धे न देणारे.

कोरी_चौकट
मी परीक्षा विभागात आहे. आमच्याकडे प्रस्ताव शेवटी येतो, मंजूर होऊन. तेव्हा कोणाला काही सांगायची सोय उरलेली नसते, म्हणून इथे सांगते.

पेपरचं नाव छोटं ठेवा हो. आमच्या प्रणालीत गुणपत्रिकेवर नावाला ४० अक्षरांची जागा आहे. "समकालीन सामाजिक-आर्थिक परिप्रेक्ष्यातील" इथेच जागा संपते. पुढचं कापलं जातं आणि मुलांच्या हातात अर्धवट नावाची गुणपत्रिका जाते. तीच घेऊन ती पुढच्या प्रवेशाला जातात, तिथे विचारतात, हा कुठला विषय?

दुसरं, नवीन पेपर आणताना जुन्या पेपरात राहिलेल्या मुलांचं काय, हे त्याच प्रस्तावात लिहा. समकक्षता तक्ता. जुना कोणता, त्याऐवजी नवा कोणता, जुन्याची परीक्षा किती वेळा होणार. हे नसलं की खिडकीवर मुलं उभी राहतात आणि आमच्याकडे दाखवायला कागद नसतो.

उरलेला_पेपर
ते खिडकीवर उभे राहणारे आम्हीच.

माझा एकच विषय राहिला होता. अभ्यासक्रम बदलला, तो पेपरच बंद. विभाग म्हणे परीक्षा विभागात जा, तिथे म्हणे विभागाकडून पत्र आणा. सात महिने. नोकरीची ऑफर होती, ती थांबली नाही.

कोरी_चौकट
@उरलेला_पेपर, मनापासून वाईट वाटलं. अजून सुटलं नसेल तर अर्जात असं मागा: "समकक्षतेबाबत विद्या परिषदेच्या ठरावाची प्रत व क्रमांक". ठराव असेल तर लगेच सापडतो. नसेल तर लेखी 'नाही' घ्या, त्या कागदावर पुढचा विषय मांडता येतो. तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

उरलेला_पेपर
सुटलं ताई, मागच्या वर्षी. नवीन पेपर देऊन पास झालो. पण हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.. धन्यवाद.

रिकामा_तास
अभिनंदन रे मित्रा. आता कुठे आहेस?

उरलेला_पेपर
एका प्रयोगशाळेत, सर. काम आवडतंय.

उलटवाचक
शिसपेन मॅडम, तुमचा धागा दोनदा वाचला. मी नऊ वर्षं प्रस्ताव तपासले. पेन्सिलीबद्दल काही सांगायचं आहे.

पेनाने जे लिहिलं जातं ते बैठकीत बोलता येतं, इतिवृत्तात जातं. पेन्सिलीने लिहितो तो बहुधा नवा, कनिष्ठ सदस्य. अध्यक्ष त्याचेच गुरू असतात, प्रस्ताव मांडणारे सहकारी असतात, आणि "शिकवणार कोण" हा प्रश्न विचारला की अमुक सरांना हे येत नाही असा त्याचा अर्थ निघतो. संकेतांक चुकलाय हे सांगायला धैर्य लागत नाही. मीही सुरुवातीची वर्षं समासातच लिहीत होतो. कार्यालयात प्रती जमा होताना ते खोडलं जायचं किंवा प्रतच बदलायची. तुमची प्रत कशी वाचली कोण जाणे. लिहिणाऱ्याने तुम्हाला अडवायला ते लिहिलं नसेल असं मला वाटतं. त्याला पुढचं दिसत होतं.

नंतर मी वाचायचा क्रम बदलला. प्रस्ताव मागून वाचतो. आधी मूल्यमापन: पोरांकडून शेवटी नक्की काय करून घेणार? मग अध्ययन निष्पत्ती. मग घटक आणि तासिका. आवश्यकतेचं टिपण सगळ्यात शेवटी, कारण ते इतकं छान लिहिलेलं असतं की आधी वाचलं तर पुढचं सगळं पटतच जातं. निष्पत्ती, शिकवणं आणि परीक्षा एका रेषेत हवीत हे शिक्षणतज्ज्ञ बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलं. मी ते वाचलं फार उशिरा, पण मागून वाचायला लागल्यावर ती रेष कुठे तुटते ते आपोआप दिसायला लागलं. निष्पत्तीत "स्वतः सर्वेक्षण करेल" आणि मूल्यमापनात १०० गुणांची लेखी परीक्षा. असे किती पाहिले.

आणि तासिका मी स्वतः बोटांवर मोजतो. तक्त्यातली बेरीज वाचत नाही. घटकातला एकेक मुद्दा घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, मला हा शिकवायला किती तास लागतील?

सांजसावली
निष्पत्तींवरून माझं थोडं वेगळं मत. मी साहित्य शिकवते. "समजेल", "आस्वाद घेईल" लिहिलं की प्रस्ताव परत येतो, मोजता येईल असं क्रियापद घाला म्हणतात. सगळे ब्लूमच्या वर्गवारीचा, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांच्या पायऱ्यांचा, हवाला देतात. पण ती वर्गवारी परीक्षकांच्या गटातून जन्मली, १९५६ मध्ये, प्रश्नांची देवाणघेवाण नीट व्हावी म्हणून. आणि १९६४ मध्ये त्याच मंडळींपैकी काहींनी भावनिक क्षेत्राचा वेगळा खंड काढला, त्यात ग्रहण, प्रतिसाद, मूल्य मानणं अशा पायऱ्या आहेत. तो कोणीच उघडत नाही. मी एकदा प्रस्तावात त्याच पायऱ्या वापरल्या. मंडळात अर्धा तास चर्चा झाली, खरी चर्चा, कवितेवर! आणि मंजूर झालं. त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीवर नव्हते.

मुलीला आणायला निघाले, बाकी नंतर.

उलटवाचक
१९६४ चा खंड मी पाहिलेला नाही. शोधतो. हे इथे कळलं याचा आनंद आहे.

पुस्तककिडा
ग्रंथालयातून. संदर्भसूची करताना आम्हाला विचारा एवढीच विनंती. दहा पुस्तकं सुचवलेली असतात, त्यातली चार छापणंच बंद झालेलं असतं, दोनांची आमच्याकडे एकेक प्रत, आणि शंभर मुलं. मी एका विभागाला सूचीसमोर प्रतींचे आकडे लिहून दिले तर त्यांनी तीच सूची प्रस्तावाला जोडली. किती साधी गोष्ट, आणि त्या वर्षी काउंटरवर भांडणं झाली नाहीत.

दूरगाव
सध्या युरोपात शिकवतो. इथे वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात. वर्गातले, वाचनाचे, लिखाणाचे, सगळे मिळून. त्यामुळे प्रस्तावात "हा लेख वाचायला किती तास" असंही लिहावं लागतं. पहिल्यांदा मला ते नकोसं वाटलं. मग स्वतः घड्याळ लावून एक प्रकरण वाचलं. मी तीन तास धरले होते, मलाच पाच लागले. सूचीतले दोन लेख काढले.

तिरकी_रेघ
जरा वेगळं विचारते, दोन जण एकाच फाइलमध्ये बदल करतात तेव्हा जुना मजकूर आणि नवा मजकूर कसा दाखवता? आमचा तक्ता दर वेळी फाटतो. आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं तुटतात.

जोडाक्षर
ट्रॅक चेंजेस चालू ठेवून एकाच व्यक्तीने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त कमेंट. तक्ता शेवटी करायचा. फॉन्टचं म्हणाल तर रूपांतर करून झाल्यावर र चे प्रकार आधी तपासा: रफार, रकार, ऱ्य. तिथेच तुटतं.

तिरकी_रेघ
रफार!! बरोब्बर तिथेच. धन्यवाद.

रिकामा_तास
पत्र सापडलं, वेगळा धागा काढून टाकलंय.

शिसपेन
सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. @उलटवाचक, तुमचा प्रतिसाद वाचून फायलीला लावलेली उपस्थितीची पानं काढली आणि सह्यांशी अक्षर ताडून पाहिलं. "क" ची शेपटी एका सहीशी जुळते. ते सर आता निवृत्त आहेत. रविवारी फोन करणार आहे.

पुढच्या आठवड्यात याच पेपरची पुनर्रचना मंडळात आहे. @कोरी_चौकट, समकक्षता तक्ता जोडला, नाव ३१ अक्षरांत बसवलं. तासिका बोटांवर मोजल्या, ६३ आल्या, म्हणून एक अख्खा मुद्दा काढला. तो माझा आवडता होता. घटकांच्या तक्त्यात "शिकवणार कोण" हा रकाना मी स्वतःहून घातलाय. तीन घटकांसमोर दोन-दोन नावं आहेत. बूटस्ट्रॅपसमोर अजून माझं एकटीचंच. दुसऱ्या तुकडीच्या सरांना आज विचारलं, सुट्टीत दोघांनी मिळून बसायचं का. ते म्हणाले, सोमवारपासून बसू.