मदत हवी आहे: १८० + १८० = ३४२ कसं काय? (अकरावी, जीवशास्त्र)

तासगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. जैवरेणूंचा धडा नुसता पाठ होतोय, डोक्यात शिरत नाही.

अडलंय ते असं. ग्लुकोजचा रेणूभार १८०, फ्रुक्टोजचाही १८०. दोन्ही जोडले की सुक्रोज, म्हणजे आपली साखर. तिचा मात्र ३४२. मधले १८ कुठं गेले? तर म्हणे 'पाणी निघून जातं'. बरं. आमचं बेदाण्याचं शेड आहे, पाणी निघून जाताना दरवर्षी बघतोच की. म्हणून मी धरलं की द्राक्ष सुकताना ग्लुकोज-फ्रुक्टोज जोडले जाऊन साखर होते आणि बेदाणा गोड लागतो. वर्गात बोललो तर सगळे हसले. का चुकलं ते कुणी सांगेना.

आणि पेशीत तर चहूकडं पाणीच. तिथनं पाणी निघून जाणार कुठं?

संगमाकाठी
हसणाऱ्यांना त्या १८ चा हिशेब मागायचा होतास. अर्ध्यांची दांडी उडाली असती. (तीस वर्षं हाच धडा शिकवलाय, म्हणून सांगते.)

तू दोन वेगळ्या गोष्टींना एक धरलंस. ताज्या द्राक्षात वजनाच्या साधारण ८० टक्के पाणी असतं, बेदाण्यात उरतं १५ च्या आसपास. ते पाणी म्हणूनच आत होतं आणि पाणी म्हणूनच उडून गेलं. ग्लुकोज-फ्रुक्टोज होते तसेच राहिले, फक्त दाटी झाली. गोडी त्या दाटीची.

सुक्रोज होताना जे पाणी निघतं ते आधी नव्हतंच. एका रेणूचा ओएच आणि दुसऱ्याचा एच सुटतो, त्यांचं पाणी होतं आणि उरलेले दोघे मधल्या ऑक्सिजनने जोडले जातात. एका जोडाला एक पाणी, म्हणून १८ वजा. सुकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

गंमत म्हणजे तुझ्या शेडवर दोन्ही पाणी भेटतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवता ना? सालीवर मेणाचा पातळ थर असतो. मेण मेदांच्या गोत्यातलं, त्याचं पाण्याशी पटत नाही, म्हणून आतलं पाणी आत अडकतं. बुडवणीने तो थर विस्कटतो आणि वाट मोकळी होते. आता त्या ऑइलमधला मुख्य पदार्थ बघ: इथाइल ओलिएट. ओलिक आम्ल आणि इथेनॉल जोडून, एक पाणी काढूनच ते बनतं!

गाळप_हंगाम
मी कारखान्याच्या लॅबला आहे. पोराला उलटी बाजू सांगतो. ऊस तोडून फडातच पडून राहिला की उतारा (उसातून मिळणारी साखर) घसरतो. का? उसातलंच विकर (एन्झाइम), इन्व्हर्टेज, सुक्रोजच्या जोडात पाण्याचा एक रेणू घालून तो फोडतं. परत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ३४२ + १८ = ३६०. पुस्तकात याला जलअपघटन म्हणतात, आमच्याकडं शिळा ऊस म्हणतात. गुऱ्हाळवाल्याला विचार, असल्या उसाचा गूळ मऊ आणि चिकट होतो.

घरी बघायचं तर आई पाकात लिंबू पिळते ते आठव. आम्लानेही थोडी साखर फुटते, मग पाकाला खडे धरत नाहीत.

तासगावचा_पोरगा
सर, मॅडम, आता कळलं! पण पेशीतलं पाणी राहिलंच. चहूकडं पाणी असल्यावर जोड फुटायलाच पाहिजेत, जुळतात कसे?

संगमाकाठी
हा प्रश्न खरा चांगला. फुटण्याकडेच ओढा असतो, पण विकर किंवा आम्ल नसेल तर फार हळू. म्हणून साखरपाणी ग्लासात लगेच फुटत नाही. आणि जुळवायला पेशी ऊर्जा मोजते. ऊस सुटं ग्लुकोज घेत नाही. आधी त्याला यूडीपी नावाचा वाहक चिकटवतो आणि मग विकराच्या खोबणीत ते फ्रुक्टोजच्या फॉस्फेटला जोडतो. त्या पायरीला पाणी थेट बाहेर पडत नाही, वाहक सुटतो. पण सगळ्या पायऱ्यांचा ताळा घातलास तर एक पाणी कमीच. हे वाहक अर्जेंटिनाच्या लुईस लेलवार यांनी शोधले, १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल. परीक्षेत एवढं कोणी विचारणार नाही, पण तू विचारलंस.

प्रथिनं, मेद, स्टार्च, सगळीकडे हाच हिशेब. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं, म्हणजे तीन पाणी. आता तू सांग: इन्सुलिन या प्रथिनात ५१ अमिनो आम्लं. ती साखळीत जोडताना किती पाणी?

तासगावचा_पोरगा
कॉलेजच्या लॅबमध्ये बेनेडिक्टचं निळं द्रावण लावून बघितलं, सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज असलं की ते तापवल्यावर विटकरी होतं. बेदाणा भिजवलेलं पाणी गरम केल्यावर विटकरी, साखरेचं पाणी निळंच. म्हणजे बेदाण्यात सुटे रेणूच आहेत. हसणाऱ्यातल्या दोघांना दाखवलं 😄

इन्सुलिनचं ५०. ५१ मणी, मध्ये ५० जोड.

गाळप_हंगाम
साखळ्या किती आहेत ते बघितलंस का?

तासगावचा_पोरगा
आयला, दोन. २१ ची एक, ३० ची एक. २० आणि २९. ४९!