थायलंडमध्ये निवृत्तीनंतर: थाई लोकांत मिसळून राहता येतं का?

रिकामा_खिसा:
नमस्कार मंडळी. मी ५८ वर्षांचा, बायको ५५. लवकरच नोकरी सोडतोय आणि च्यांग माईला जाऊन राहायचा विचार आहे. व्हिसाचं वाचलंय: वय ५० पूर्ण, थाई बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाटचं उत्पन्न. प्रश्न तो नाही. परदेशी पेन्शनरांच्या कोंडाळ्यात बिअर पीत बसायला तिकडे जायचं नाहीये, थाई शेजार हवाय. हे लोक जवळ करतात, की शेवटपर्यंत लांबूनच हसून हात जोडतात? राहणाऱ्यांनी सांगा.

सानसाईकर:
जवळ करतात, पण आमंत्रणाची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

आम्ही दोघं सान साईला, शहराच्या ईशान्येला, गावातल्या गल्लीत भाड्याने राहतो. गावाचा मुखिया सकाळीच कर्ण्यावरून सुरू होतो: पाणी कधी जाणार, लस कुठे टोचणार, कोण वारलं. तो कर्णा समजेल इतकी थाई शिका. बाकी सगळं नंतर.

आमची खरी ओळख झाली ती एका मयतीत. समोरच्या आजी गेल्या. इथे लगेच दहन करत नाहीत. शव काही दिवस घरात, रोज संध्याकाळी भिक्खू पठणाला, अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि येईल त्याला जेवण. आम्ही काळे-पांढरे कपडे घालून, पैशाच्या पाकिटावर नाव लिहून गेलो. दुसऱ्या संध्याकाळी मी सरळ मागे जाऊन भांडी विसळायला बसले. कुणी हटकलं नाही, एकीने फक्त बसायला स्टूल सरकवलं. तेव्हापासून गल्लीत मी 'पा' आणि हे 'लुंग', म्हणजे घरच्यासारखे मावशी-काका. एप्रिलमध्ये, १३ ते १५ तारखेच्या सोंगक्रानला (थाई नववर्षाला), शहरात पाण्याच्या पिचकाऱ्या चालतात. आमच्याकडे पोरंटोरं येऊन वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात, आपण आशीर्वाद द्यायचा. यांना अजून संकोच वाटतो. मला नाही.

आता दुसरी बाजू. तोंडावर 'नाही' म्हणणं थाई लोकांना जड जातं. घरमालक गळका नळ बघायला 'हो हो' म्हणून दोन आठवडे फिरकत नाही. तिथे आवाज चढवलात की संपलं. काम होत नाही आणि गल्लीत आपलीच शोभा होते. राजघराण्यावर चेष्टेतही बोलू नका, कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे, आणि ते परक्यांनाही लागू.

शाकाहारी असाल तर पिवळी पताका लावलेली 'जे' (शुद्ध शाकाहारी) दुकानं शोधा. इतरत्र पालेभाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. विचारलं की 'मांस नाही' म्हणतील, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं.

शिवाय कितीही मुरलात तरी दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, वर्षाला १९०० बाट भरून मुदतवाढ घ्यायची, आणि देशाबाहेर जाण्याआधी परतीची परवानगी काढायची. ती विसरलात तर मुक्कामाची मुदत रद्द. हे ज्याला डाचतं त्याने येऊ नये.

हुआहिनचा_वारा:
ताईंशी आदरपूर्वक असहमत. साठीनंतर मयतीत भांडी घासून ओळख करून घ्यायची हौस सगळ्यांना नसते. मी हुआ हिनला समुद्राजवळ फ्लॅट घेतलाय. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, पण इमारतीतल्या फ्लॅटच्या क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. खालचा रखवालदार, फळवाली, मसाज करणारी बाई, एवढा थाई शेजार मला पुरतो. आणि खेड्यात राहिलात तर मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते आधी मोजा.

सानसाईकर:
हॉस्पिटलचं अगदी खरं. म्हणूनच आम्ही आणखी आत गेलो नाही. पण फळवाली म्हणजे गिऱ्हाईकाची ओळख, शेजार नव्हे. असो, हौस ज्याची त्याची.

रिकामा_खिसा:
दोघांचे आभार. बायको योग शिकवते, तिला जवळच्या 'वाट'मध्ये (बौद्ध मंदिरात) फुकट वर्ग घ्यायचेत. पैसे घेणार नाही म्हटल्यावर अडचण नसावी ना?

सानसाईकर:
आहे. निवृत्तीच्या मुक्कामावर काम करता येत नाही, आणि बिनपैशाचं कामही काम धरलं जाऊ शकतं. वाटवाले आनंदाने 'हो' म्हणतील, पण कागद त्यांच्या हातात नाहीत. आधी इमिग्रेशनमध्ये विचारा. तोवर तिने इतरांसारखं अंगण झाडायला, सणाला स्वयंपाकाला जावं. आमच्या गल्लीतल्या बायका तेच करतात.

८ लाखांचं एक राहिलं. मुदतवाढीच्या अर्जाआधी २ महिने आणि मंजुरीनंतर ३ महिने ते खात्यात पूर्ण हवेत, एरवीही ४ लाखांखाली जायचं नाही. म्हणजे ते खर्चायचे पैसे नव्हेतच. दोघांपैकी एकाने अट पूर्ण केली की दुसऱ्याला जोडीदार म्हणून राहता येतं, पण विवाहाचा दाखला साक्षांकित करून आणा.

आणि डिसेंबरच्या थंडीत भुलून घराचा करार करू नका. मार्चमध्ये या. शेतं आणि जंगलं जळत असतात, डोंगर धुरात गडप होतो, डोळे चुरचुरतात. आम्ही तेव्हा समुद्रकाठच्या रायोंगला पळतो, ते दुहेरी भाडं हिशेबात धरा.