दोन कारखान्यांत २५ किलोमीटर, हा नियम नेमका कुणाच्या सोयीचा?

तेरणाकाठ:
राम राम मंडळी. पंधरा महिन्यांचा ऊस फडात उभाय, तुरे आलेत, वजन घटायलंय आणि कारखान्याचा चिठ्ठीबॉय, तोडीची चिठ्ठी देणारा, रोज उद्या म्हणायलाय. टोळी आली की मुकादम एकरामागं वरचे पैसे मागणार ते वेगळंच. जवळ एकच कारखाना, दुसरा निघंना कारण महाराष्ट्रात दोन कारखान्यांत हवाई अंतर २५ किमी लागतं, केंद्राचं तर १५ च आहे. १९९८ ला साखरेचं लायसन गेलं, २०१३ ला लेव्ही, म्हणजे सरकारला स्वस्तात साखर द्यायची सक्ती, गेली, मग एवढंच का ठेवलं? सरकार नियम का करतं याची काही थेरी असते का?

चौथा_अटेम्प्ट:
असते की दादा, इकॉनॉमिक्सच्या पेपरला घोकलीय. जुनी थेरी पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाची, बाजार चुकतो म्हणून सरकार लोकांसाठी मधे पडतं. १९७१ ला शिकागोच्या स्टिगलर या अर्थतज्ज्ञानं उलटं मांडलं, नियम बऱ्याचदा धंदेवालेच मागून घेतात आणि त्यात लाडकी मागणी म्हणजे नवीन माणूस आत येऊ देऊ नका. मालक मोजके, प्रत्येकाचा फायदा मोठा, म्हणून ते मुंबईत तळ ठोकून बसतात. आपण हजारो, प्रत्येकाचं थोडंथोडं जातं, मग तोड सोडून मोर्चाला कोण जाणार?

गोदाकाठ:
थेरी ठीक आहे पण २०१६ आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. तसल्या सालात ऊसच नसतो, त्यात दर दहा किमीला कारखाना असता तर एकाचंबी गाळप धड झालं नसतं आन कर्ज बँकेच्या बोकांडी. अंतर पायजेच.

तेरणाकाठ:
मग बुडू द्या की भाऊ, किराणा दुकान काढताना कोण अंतर मोजतं?

चौथा_अटेम्प्ट:
😄 गोदाकाठ भाऊंचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अमेरिकेत विमान कंपन्याबी हेच म्हणायच्या. तिथल्या सरकारी विमान बोर्डानं १९३८ पासून ४० वर्षं एकाही नवीन कंपनीला मोठ्या मार्गांवर येऊ दिलं नाही, १९७८ ला कायदा करून मोकळं केलं, पुढं ते बोर्डच गुंडाळलं. तिकिटं स्वस्त झाली, काही जुन्या कंपन्या बुडाल्या बी. अजून एक, १९७६ ला पेल्ट्झमन नावाचा अर्थतज्ज्ञ म्हणाला की पुढारी एकालाच सगळं देत नाही, त्याला मतंबी लागतात. म्हणून मालकाला २५ किमी आन तुम्हाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत पैसे नाहीतर १५ टक्के व्याज.

तेरणाकाठ:
व्याज? आमच्या शिवारात तरी कुणाच्या खात्यावर पडलेलं ऐकलं नाही बाबा. असो, खालच्या वस्तीवर गुऱ्हाळ सुरू झालंय, त्याला अंतर बिंतर लागत नाही. दोन एकर तिकडं घालतो, बाकीच्याला बघू चिठ्ठी कधी येते ते.