मैदान : घोडदौडीपासून चौकापर्यंत

युक्रेनची राजधानी कीव्हमधील 'मैदान' नावाचा चौक आणि आपले मैदान यांच्या नावांतील साम्य केवळ योगायोगाचे असावे, असे एक मत आहे. ते मला पटत नाही, कारण हा मुळात एकच शब्द आहे. फारसी-अरबी परंपरेत त्याचा अर्थ घोडदौडीची, चौगानाच्या (घोड्यावर बसून खेळायच्या पोलोसारख्या) खेळाची आणि कवायतीची मोकळी जागा असा होता. इराणमधील इस्फहान शहरात तिथला बादशहा शाह अब्बास पहिला याने उभारलेल्या, सुमारे ५६० मीटर लांब व १६० मीटर रुंद अशा 'नक्श-ए-जहान' मैदानात चौगानाच्या गोलाचे दगडी खांब आजही उभे आहेत, आणि हा अर्थ याहून स्पष्ट कुठे दिसेल असे मला वाटत नाही. इस्तंबूलमध्ये बायझंटाइन काळातील शर्यतीच्या जागेला उस्मानी तुर्कांनी 'आत मेयदानी', म्हणजे घोड्यांचे मैदान, असेच नाव दिले. तुर्की भाषांमधून हा शब्द युक्रेनियन भाषेत गेला आणि तिथे त्याला शहरातील चौक हा अर्थ मिळाला. २०१३-१४ च्या आंदोलनानंतर तर तो लोकांच्या उठावाचेच नाव झाला. कैरोचा तहरीर चौकही अरबीत 'मिदान'च आहे.

मराठीने मात्र चौकासाठी संस्कृतोद्भव 'चौक' हाच शब्द ठेवला आणि मैदानाकडे झुंजीचा अर्थ राहू दिला. आपण 'मैदान मारतो', आणि कोल्हापूरकडे 'कुस्त्यांचे मैदान' म्हटले की नुसती जागा नव्हे, तर निकाली कुस्त्यांचा तो सबंध कार्यक्रमच अभिप्रेत असतो.