मदत हवी आहे: आडव्या टाकीतलं पाणी काठीने कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

शेतावर एक जुनी लोखंडी टाकी घेतली आहे. गोल, आडवी ठेवलेली, दोन्ही तोंडं सपाट. आतून व्यास ४ फूट, लांबी ८ फूट. पूर्ण भरली तर किती, ते शाळेतल्या वृत्तचितीच्या सूत्राने काढलं: ३.१४ × २ × २ × ८ म्हणजे साधारण १००.५ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे २,८४५ लिटरच्या आसपास. इथपर्यंत ठीक.

घोळ पुढे झाला. वरच्या झाकणातून काठी घातली, १ फूट ओली झाली. ४ पैकी १ फूट, म्हणजे पाव टाकी, म्हणजे ७११ लिटर असा सरळ हिशोब केला आणि त्या अंदाजाने ड्रिपचं खत कालवायला घेतलं. पाणी २०० लिटरच्या बॅरलमध्ये काढलं तर तीन बॅरलही नीट भरले नाहीत! गळती कुठेच नाही, टाकी पाणसळीने लेव्हल केलेली आहे.

टाकी उभी असती तर पाव उंचीला पाव पाणी, हे पटतं. आडवी असल्यामुळे तळाशी गोलाई अरुंद पडते, म्हणून कमी भरतं, एवढं डोक्यात आलं. पण नेमकं किती कमी? मुलगी नववीत आहे, ती म्हणते, 'बाबा, वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढून लांबीने गुणा.' ते आम्हा दोघांनाही जमेना.

दर ३ इंचाला काठीवर लिटरची खूण करायची आहे. कुणी रीत सांगेल का? तयार तक्ता असेल तर फारच बरं.