पुराचं पाणी शिरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या शेडमध्ये जुळवावा का?

माधवनगरकर (धागाकर्ता)
२००५, २०१९, २०२१. कृष्णेला पूर आला की सांगलीत दारात उभ्या गाड्या बुडतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या तोंडातून) पाणी गिअरबॉक्समध्ये उतरतं आणि ऑइलचं गुलाबी दूध होतं. मग सगळीकडून एकच सल्ला येतो: अख्खा बॉक्स बदला. मला तो पटत नाही. पहिल्या आय-टेनमध्ये होता तसला टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनचा जोर ऑइलमार्फत बॉक्सकडे नेणारा) ४ स्पीड बॉक्स त्याचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर घरी नीट जुळवता येतो. एएमटी (आपोआप गिअर टाकणारा मॅन्युअल बॉक्स) आणि सीव्हीटी (पायऱ्यांच्या गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा बॉक्स) या चर्चेत धरू नका, त्यांची रचनाच वेगळी.

खोलणं सोपं असतं, घोळ होतो तो बसवताना. म्हणून प्रत्येक ड्रमचा (क्लचच्या प्लेटा बसतात त्या डब्याचा) माल वेगळ्या ट्रेमध्ये, निघाला त्याच क्रमानं आणि त्याच बाजूनं ठेवायचा. नव्या फ्रिक्शन प्लेट (अस्तर लावलेल्या क्लच प्लेट) बसवण्याआधी किमान अर्धा तास बॉक्सला लागतं त्याच ग्रेडच्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायच्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत अस्तर करपतं. थ्रस्ट बेअरिंग (भागांमधली चपटी बेअरिंग) जागेवर धरून ठेवायला पांढरं व्हॅसलीन वापरा. चेसिस ग्रीस अजिबात नको, ते ऑइलमध्ये विरघळत नाही, त्याचे गोळे फिल्टरमध्ये आणि बारीक वाटांत जाऊन बसतात. पुसायला सुताचा चोथाही (कॉटन वेस्ट) नको. त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

कुपवाडकर
साफ असहमत. ट्रे आणि व्हॅसलीनपर्यंत सगळं बरोबर आहे, पण तुम्ही मापाचं बोललाच नाहीत. प्लेटांचा पॅक बसवून सरक्लिप (प्लेटा अडवून धरणारी स्प्रिंगची रिंग) लावली की वरची प्लेट आणि सरक्लिप यांच्यामधली फट मोजावी लागते. प्रत्येक फ्रिक्शन प्लेटमागे पाव मिलिमीटर हा झाला ढोबळ अंदाज, खरा आकडा मॅन्युअलचाच. फट कमी पडली तर क्लच सुटतच नाही, घासत राहतो आणि जळतो. जास्त झाली तर पिस्टनला लांब जावं लागतं, 'डी'त टाकल्यावर गाडी क्षणभर थांबते आणि मग दणका देते. ही फट जुळवायला वेगळ्या जाडीची सरक्लिप किंवा प्लेट लागते आणि ती मोजमाप झाल्यावरच मागवता येते. तोवर उघडा बॉक्स पावसाळी दमट हवेत किती दिवस पडून राहणार? इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) तर डायल गेजशिवाय कळतच नाही. घरी कुणाकडे असतं ते?

माधवनगरकर
फिलर गेज काही महाग नाही. डायल गेजचं मान्य, पण मिरज-कुपवाडच्या मशीन शॉपमध्ये ते रोज वापरात असतं, दोन तासांसाठी मागून आणता येतं. सुटे भाग येईपर्यंत सगळं ऑइल लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. माप घ्यायचं टाळणाऱ्यानं बॉक्स उघडूच नये, इथे आपलं एकमत आहे.

वाईकर
पुराच्या पाण्याचं एक वैशिष्ट्य दोघांच्याही बोलण्यातून सुटलं. फ्रिक्शन प्लेटचं अस्तर कागदी असतं. पाणी लागलं की ते फुगतं आणि स्टीलच्या गाभ्यावर चिकटवणारा डिंक सुटायला लागतो. वरून प्लेट चांगली दिसते, पण नखानं अस्तर खरवडून बघा, पापुद्रा निघतो. म्हणून नुसतं ऑइल बदलून भागत नाही. ड्रेन नट काढला तरी निम्मं जुनं ऑइल कन्व्हर्टर आणि कूलरमध्येच राहतं. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, घरी तो आतून साफ होत नाही. त्याच्या आतल्या लॉकअप क्लचलाही (कन्व्हर्टर थेट जोडणाऱ्या क्लचला) तेच अस्तर असतं. कन्व्हर्टर बदलाच, नाहीतर पसरणी घाटात बॉक्स तापला की सुटलेलं अस्तर नव्या फिल्टरमध्ये येईल.

पोवई नाका
माझी एएमटी आहे, तीही घरी खोलता येईल का?

वाईकर
तुमचा बॉक्स मुळात मॅन्युअलच आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त अॅक्च्युएटर (मोटर किंवा पंपाची यंत्रणा) करतो. त्याचं काम झालं की स्कॅनरवर क्लचचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे क्लच कुठे धरतो ते गाडीच्या कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मिरजकर
माझं मत मधलं. व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) घरी करा, ड्रम बाहेर द्या. पण व्हॉल्व्ह बॉडीलाही सोपं समजू नका. दोन भाग वेगळे करताना आतले छर्रे घरंगळतात आणि ते सगळे एकाच मापाचे असतील असं नाही. खालचा भाग आडवा ठेवून वरचा सरळ उचला आणि हलवण्याआधी फोटो काढा. एक छर्रा चुकीच्या खड्ड्यात गेला तर एखादा गिअर येतच नाही किंवा झटका मारून येतो. बोल्टही वेगवेगळ्या लांबीचे. पुठ्ठ्यावर व्हॉल्व्ह बॉडीची आकृती काढून तिथल्या तिथे टोचून ठेवा. आवळायचे साधारण १० न्यूटन मीटरला. चाकाच्या नटाचा मोठा टॉर्क पाना इथे कुचकामी, लहानच हवा. जास्त आवळले तर अॅल्युमिनियम वाकतं आणि व्हॉल्व्ह अडकतात.

कुपवाडकर
मिरजकरांशी सहमत. तरीही कुणी ड्रम बसवणारच असेल, तर बॉक्स मोडतो त्या दोन जागा सांगतो.

पहिली जागा पंप. ड्रम हबवर (प्लेटांच्या मधल्या दातेरी भागावर) उतरवताना डावी-उजवीकडे थोडा थोडा हलवत राहा. एकेक प्लेटचे दात सापडतील तसा तो टप्प्याटप्प्यानं खाली बसतो. शेवटची प्लेट राहिली तर काही मिलिमीटर वरच राहतो, डोळ्याला कळतही नाही. म्हणून पंपाचे बोल्ट आवळताना दर फेरीला इनपुट शाफ्ट हातानं फिरवून बघा. जड झाला की थांबा, पंप परत काढा. त्याआधी क्लचमध्ये रेग्युलेटर लावून २-३ किलो दाबाची कोरडी हवा सोडून बघा. घट्ट 'थप' असा आवाज आला पाहिजे. फुसफुस झाली तर सीलची कडा दुमडलेली आहे. वन-वे क्लचही एकाच दिशेनं फिरतो ना, ते हातानं बघून घ्या.

दुसरी जागा कन्व्हर्टर. त्यात आधी सुमारे लिटरभर नवं ऑइल ओता. मग आत दाबत फिरवा. टर्बाइनची स्प्लाइन (शाफ्टवरच्या दातांची जोडणी), स्टेटरची स्प्लाइन आणि पंपाचे दात अशा तीन ठिकाणी तो उतरतो. बॉक्स इंजिनला लावताना बेल हाउसिंग (बॉक्सचं इंजिनकडचं घंटेसारखं तोंड) हातानंच टेकायला हवं. बोटभर फट राहिली आणि ती बोल्टनं ओढली तर पंपाचा गिअर तिथेच फुटतो, इंजिन चालू करायचीही गरज नाही. बोल्ट लावून झाल्यावर कन्व्हर्टर सैल फिरला पाहिजे आणि फ्लेक्स प्लेटपासून (इंजिनला लावलेल्या पातळ चकतीपासून) २ ते ४ मिलिमीटर मागे राहिला पाहिजे.

माधवनगरकर
हे दोन्ही मुद्दे मूळ धाग्यात टाकतो. मत मात्र बदलत नाही: ड्रम घरीच. वाईकर, कूलर रेडिएटरच्या आतच असेल तर रेडिएटरचं पाणीही तपासायला सांगा. त्यात तेलाचा तवंग दिसला तर पाणी पुराचं नाही, कूलर फुटलाय. तो तसाच ठेवला तर नव्या प्लेटांचंही तेच होणार.